सोनोग्राफी रूममधली म्हातारी

तिच्या उजव्या कुशीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं डेड स्टॉकचा नंबर घातलेला आहे. त्याच्या वर 'जिल्हा नियोजन समिती' एवढं वाचता येतं; वर्षाचे आकडे स्पिरिटच्या बोळ्यांनी कधीच पुसून नेले. मॉनिटरच्या मानेतली स्प्रिंग सैल झाल्यामुळे तो मधूनच मान टाकतो, म्हणून मागून चिकटपट्टीचे वेढे दिलेत. 'फ्रीज'चं बटण इतकं झिजलंय की ते कुठलं हे नव्या माणसाला सांगावं लागतं. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रेडिओलॉजी विभागातलं हे सगळ्यात जुनं सोनोग्राफी मशीन. रेसिडेंट तिला म्हातारी म्हणतात, आणि तिच्यासमोरच म्हणतात.

विभागात तिच्याहून देखणी मंडळी पुष्कळ आहेत. एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या खोल्यांच्या भिंती जाड, दारात शिसं, दारावर लाल दिवा. त्यांच्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाची नजर. तिथं काम करणाऱ्याच्या छातीवर अंगावर पडलेले किरण मोजणारा टीएलडी बॅज, आणि त्या बॅजवरचा हिशेब वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्टच्या आत राखायचा. एमआरआयचा थाट तर विचारूच नका. त्याच्या चुंबकाला उणे 269 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियममध्ये बसवून ठेवावं लागतं. त्याच्या खोलीत लोखंड नेलं की काय होतं, ते 2018 च्या जानेवारीत मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेल्या एका नातेवाइकाच्या मृत्यूनं साऱ्या राज्याला कळलं.

म्हातारीला यातलं काहीच लागत नाही. एक प्लग, एक यूपीएस, पलंग, पडदा आणि जेलीची बाटली एवढ्यावर तिचा संसार चालतो. तिच्यातून कसले किरण बाहेर पडत नाहीत, फक्त आवाज जातो, तोही माणसाच्या कानाला ऐकू न येणारा. आणि तरी या सगळ्या यंत्रांमध्ये पोलीस-कोर्टापर्यंत जाणारा कायदा आहे तो हिच्याच नावावर. त्याकडे येऊच.

आधी तिचा स्वभाव सांगतो. ती बोलते फार कमी. पोटावर फिरवायचा जो कन्व्हेक्स प्रोब असतो, त्याच्या तोंडाशी स्फटिकांची रांग असते. विजेचा झटका बसला की ते स्फटिक थरथरतात आणि 2 ते 5 मेगाहर्ट्झचा आवाज आत सोडतात. ही थरथर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढी. मग ती गप्प बसते आणि ऐकते. पोटात 15 सेंटिमीटर खोल गेलेला आवाज परत यायला सेकंदाचा सुमारे 5,000वा भाग लागतो. म्हणजे शंभर भागांतला एक भागसुद्धा ती बोलत नाही. उरलेला सगळा वेळ कान देऊन असते. कुठून किती उशिरा आणि किती जोरात प्रतिध्वनी आला, यावरून ती आतलं चित्र करड्या छटांमध्ये मांडते.

थोडी हट्टीही आहे. शरीरात आवाज सेकंदाला 1,540 मीटरनंच धावतो, असं तिनं एकदा धरून ठेवलंय. चरबीत तो जरा हळू जातो, हे तिला मान्य नाही. हवेशी तिचं वाकडं. प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी आवाज तिथूनच परत फिरतो, म्हणून ती थंडगार जेली. आतड्यात गॅस असला की ती तोंड फिरवते आणि रिपोर्टवर 'गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसत नाही' असं लिहावं लागतं. हाडाच्या पलीकडचं तिला दिसत नाही. पाणी मात्र तिला मनापासून आवडतं. भरलेलं मूत्राशय दिसलं की त्याच्या मागचा सगळा भाग ती उजळून दाखवते. म्हणूनच बाहेरच्या बाकावर बाटल्या घेऊन बसलेल्या बायकांना मावशी मोठ्यानं विचारत असतात, "लागली का गं जोरात? नाही? मग अजून एक बाटली पी." अख्ख्या हॉस्पिटलात लघवी लागल्याचं सांगितल्यावर नंबर लवकर लागतो असं हे एकच दार.

तिच्या घराण्याची गोष्ट रेसिडेंटना फारशी माहीत नसते, परीक्षेत विचारत नाहीत म्हणून. ग्लासगोला इयान डोनाल्ड नावाचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक होते. शेजारच्या रेनफ्र्यूमध्ये बॅबकॉक अँड विल्कॉक्स ही बॉयलर बनवणारी कंपनी. तिथं धातूतल्या चिरा शोधायला अल्ट्रासाउंडचं यंत्र वापरायचे. 1955 मध्ये डोनाल्ड ऑपरेशनात काढलेल्या गर्भाशयाच्या आणि बीजकोशाच्या गाठी गाडीत घालून त्या कारखान्यात घेऊन गेले, तुलनेसाठी मांसाचा एक मोठा तुकडाही नेला, आणि सगळं यंत्राखाली धरून पाहिलं. पाण्यानं भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगवेगळे आले. पुढे टॉम ब्राउन हा तरुण इंजिनिअर आणि जॉन मॅकव्हिकार हे डॉक्टर यांच्यासोबत त्यांचा लेख 1958 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यांच्या सुरुवातीच्या रुग्णांमध्ये एक बाई होती, जिला पोटाचा हाताबाहेर गेलेला कॅन्सर आहे असं ठरवून टाकलं होतं. यंत्रानं सांगितलं की ही बीजकोशाची पाण्याची गाठ आहे. ती काढली आणि बाई बरी झाली. बॉयलरच्या पोटातली चीर शोधणाऱ्या कुळात जन्मल्यामुळे असेल, आमच्या म्हातारीला सौंदर्याची फारशी पर्वा नाही. तिची चित्रं कुणी कौतुकानं पाहावीत अशी नसतातच.

आता शिकवण्याचं. एमडी रेडिओडायग्नोसिसची तीन वर्षं, शेवटी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची परीक्षा. या तीन वर्षांत सीटी आणि एमआरआय शिकणं हे बरंचसं वाचायला शिकणं असतं. पेशंट घरी गेला तरी त्याचे शेकडो काप संगणकात राहतात. रात्री रेसिडेंटनं चुकीचं वाचलं तर सकाळी सर चहा पिता पिता दुरुस्त करतात. सीटीकडे आकडेही असतात: पाणी शून्य, हवा उणे 1000, आणि मधल्या-वरच्या प्रत्येक गोष्टीला आपापली जागा. हे आकडे ज्यांच्या नावानं ओळखले जातात त्या गॉडफ्री हौन्सफील्डना 1979 मध्ये नोबेल मिळालं. म्हातारीकडे आकडा नाही, आणि उद्याची सोयही नाही. तिचं चित्र हात प्रोबवर असेपर्यंतच. मनगट जरा कललं की यकृताच्या जागी आतडं. जी गाठ तुम्ही दाखवली नाही, ती सरांना सकाळी कुठल्याही संगणकावर सापडणार नाही. तिच्याकडे जे चार प्रिंट निघतात ते तुम्ही जिथं थांबलात तिथलेच. थर्मल कागदावरचे ते प्रिंटही उन्हात ठेवले की फिके पडतात.

म्हणून तिच्यापाशी शिकवणं अजून जुन्या पद्धतीनं चालतं. मॅडम स्टुलावर बसलेल्या जेआर-वनच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटच्या, मागे उभ्या राहतात आणि त्याच्या हातावर हात ठेवतात. "प्रोब सरकवू नकोस. जागा तीच, नुसतं मनगट वळव. अजून. थांब. काय दिसलं?" पोरगा म्हणतो, "पित्ताशय." "ते कुणालाही दिसेल. त्यात काय?" पांढरा ठिपका. त्याच्या मागे काळी सावली पडते का बघायचं; पडली तर खडा. मग पेशंटला कुशीवर वळवायचं. ठिपका घरंगळला तर खडा, चिकटून राहिला तर पॉलिप असण्याचा संभव. यकृत आणि उजवं मूत्रपिंड एकाच चित्रात घ्यायचं. यकृत फार पांढरं दिसलं तर चरबी चढलेली. त्याच दोघांच्या मधल्या फटीत अपघाताच्या पेशंटला काळी रेघ दिसली तर पोटात रक्त. सर्जनला फोन करायला तेवढी रेघ पुरते.

अपेंडिक्स शोधताना लिनिअर प्रोबनं पोट हळूहळू दाबत जायचं, आतड्यातला गॅस बाजूला सारायचा. किती दाबायचं हे कुठल्याही पुस्तकात लिहिता येत नाही. पेशंटच्या चेहऱ्याकडे बघून कळतं. मॉनिटरकडे एक डोळा आणि चेहऱ्याकडे एक, हे जमेपर्यंत पहिलं वर्ष जातं.

पावसाळ्यात तिच्यापुढची रांग जिन्यापर्यंत जाते. डेंग्यूचे पेशंट: पित्ताशयाची भिंत सुजलेली, फुफ्फुसाभोवती नि पोटात थोडं पाणी. दारूच्या गुत्त्यांच्या भागातून यकृतात पू झालेले पुरुष येतात. म्हातारीच्या नजरेखाली सुई घालून तो पू काढतात, आणि ज्या रेसिडेंटनं पहिल्यांदा पिगटेल नळी टाकली तो त्या दिवशी विभागात जरा छाती काढून चालतो. नवजात बाळांच्या वॉर्डातून कमी दिवसांचं बाळ आलं की तिची खरी हुशारी दिसते. हाडापलीकडे तिला दिसत नाही हे मघाशी सांगितलं, पण बाळाच्या टाळूवर अजून हाड आलेलं नसतं. तेवढ्या बोटभर जागेवर प्रोब टेकवला की मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या दिसतात, रक्तस्राव झालाय का कळतं. टाळू भरली की ते दार तिला कायमचं बंद. पुढे सीटी नाहीतर एमआरआय.

तिच्या खोड्या ओळखणं हाही अभ्यासाचाच भाग. ती कधीकधी श्वासपटलाच्या वर, जिथं फुफ्फुस असायला हवं तिथं, दुसरं यकृत दाखवते. आरशातलं प्रतिबिंब आहे ते, नवशिके फसतात. प्रोबमधले काही स्फटिक मेल्यामुळे चित्रात उभा काळा पट्टा येतो, तो कुठल्याही अवयवात सरकला की "सर, इथं काहीतरी आहे," असं दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. प्रोब खाली पडला तर नव्याचा खर्च लाखांत, म्हणून त्याच्या वायरवर खुर्चीचं चाक जाऊ न देणं हा पहिल्या दिवशीचा पहिला धडा. शेजारच्या खोलीत नवं मशीन आहे, रंगीत डॉपलरचं, गुळगुळीत चित्रांचं. ते सिनिअरांसाठी. जेआर-वनला म्हातारीच. याबद्दल पोरं कुरकुरतात, पण मला त्यात शहाणपण दिसतं. नवं मशीन बरीचशी चूक आपणच सावरून घेतं. गेन, फोकस, सगळं एका बटणावर. म्हातारीकडे उजेड कुठल्या खोलीवर किती वाढवायचा यासाठी सरकत्या बटणांची रांग आहे आणि ती हातानंच लावावी लागते. तिच्यावर ज्याला स्वादुपिंडाचं शेपूट सापडलं त्याला ते तालुक्याच्या कुठल्याही मशीनवर सापडतं. आणि यांतले निम्मे पुढे तालुक्यालाच जाणार आहेत.

आता तो कायदा.

खोलीच्या दारावर, पलंगाच्या डोक्याशी आणि बाहेरच्या व्हरांड्यात, मराठीत आणि इंग्रजीत पाटी आहे: इथं गर्भलिंगनिदान केलं जात नाही. नोंदणी प्रमाणपत्र काचेत लावलंय, कायद्याची प्रत टेबलावर. महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदान करू शकणाऱ्या तंत्रांच्या वापरावर पहिला कायदा 1988 मध्ये केला, देशाचा त्यानंतर 1994 मध्ये झाला. तरी तो बराच काळ कागदावर राहिला. मुंबईची सेहत आणि पुण्याची मासूम या संस्था आणि साबू जॉर्ज हे कार्यकर्ते सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठं मशिन्सच्या नोंदीला वेग आला आणि 2003 मध्ये कायदा कडक झाला. आकड्यांचं म्हणाल तर 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात मुली 894, बीड जिल्ह्यात 807. हे घडवण्यात हिच्याच जातीच्या मशिन्सचा हात होता. म्हातारीनं स्वतः तसलं काही केलेलं नाही, पण कुळाला लागलेला बट्टा तीही वागवते.

कोल्हापुरात जिल्हाधिकारी असताना लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी मशिन्सना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं उपकरण बसवायला लावलं होतं. मशीननं काय पाहिलं याची नोंद ते ठेवायचं. हेच देशमुख पुढे 2018 मध्ये बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ऐकणाऱ्या यंत्रावर आणखी एक ऐकणारं यंत्र बसवण्याची कल्पना एका कथाकाराला सुचावी, याचं मला नवल वाटत नाही.

चाकं असूनही म्हातारीला कुठं जाता येत नाही ते यामुळेच. जिथली नोंदणी तिथंच राहायचं. 2012 च्या दुरुस्तीनंतर पोर्टेबल मशीनसुद्धा नोंदणी झालेल्या आवारातच, दाखल रुग्णांसाठी वापरता येतं. बाहेर न्यायचं तर फक्त फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. समोरच्या इमारतीत कॅम्प असला तरी हिला ढकलत न्यायची सोय नाही. सीटीला अशी अट असती तर हसू आलं असतं. त्याला हलवणार कोण?

आणि 'फॉर्म एफ'. प्रत्येक गरोदर बाईमागे एक. तिचं नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, पत्ता, आधीची मुलं किती, त्यांत मुलगे किती नि मुली किती, सोनोग्राफी कशासाठी, कुणी पाठवलं, बाईची सही किंवा अंगठा, डॉक्टरचं प्रतिज्ञापत्र. एखादा रकाना रिकामा राहिला तर ती कारकुनी चूक धरली जात नाही. 2019 मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ही तरतूद सौम्य करा म्हणून दाद मागितली तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं नकार दिला. डॉक्टरांच्या वर्तुळात यावर अजून तक्रार चालते, आणि ती अगदीच खोटी नाही: प्रामाणिक माणूस रकान्यात अडकतो, बदमाश कागद चोख ठेवतो. पण फॉर्म नसता तर काय होतं हेही महाराष्ट्रानं पाहिलंय, त्यामुळे माझं मत फॉर्मच्या बाजूनं पडतं. जेआर-वनचं पहिलं मराठी हस्ताक्षर याच कागदांवर सुधारतं. दिल्ली-केरळकडून आलेली पोरं 'आडनाव' आणि 'माहेर' हे शब्द इथंच शिकतात.

पण फॉर्म हा सोपा भाग. अवघड भाग चेहऱ्याचा. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डोकं, पाठीचा कणा, हृदयाचे चार कप्पे, पोट, मूत्रपिंडं, हातपाय असं क्रमानं बघत जायचं असतं. परदेशी पाठ्यपुस्तकांत या यादीत आणखी एक ओळ असते, तिथं इथल्या शिकवण्यात उडी मारतात. मुद्दाम बघायचं नाही. पण मांडीचं हाड मोजताना कधीकधी समोर येतंच. त्या क्षणी प्रोब पुढं न्यायचा, आवाजाची पट्टी बदलू द्यायची नाही, हसायचं नाही, थबकायचं नाही. पलंगावरची बाई मॉनिटर बघत नसते, तुमचं तोंड वाचत असते. आणि बाहेर सासूबाई. त्या थेट विचारत नाहीत. "डॉक्टर, पेढे सांगायचे की बर्फी?" असं लाडानं विचारतात, कधी "आम्हाला आधीच्या दोन आहेत हो," एवढंच म्हणून गप्प बसतात.

मॅडम नव्या पोरांना या प्रश्नाचं उत्तर पाठ करून देतात: "आजी, बाळ बरं आहे. ठोके छान आहेत. वाढ बरोबर आहे. पुढची तारीख लिहून दिलीय." एवढंच. रागावायचं नाही, उपदेशही करायचा नाही. त्यानं बाई पुढच्या वेळी तपासणीलाच येत नाही. एका जेआर-वननं पहिल्याच आठवड्यात सासूबाईंना कायद्याची कलमं ऐकवली होती. मॅडमनी त्याला नंतर बाजूला घेऊन सांगितलं की कलमं पाटीवर लिहिलेली आहेत, तुझं काम ठोके दाखवायचं. एमडीच्या परीक्षेत या गोष्टीला एकही मार्क नसतो. पण तीन वर्षांनी कुणाच्या हाती स्वतःचं मशीन द्यायचं आणि कुणाच्या नाही, हे मॅडम यावरूनच मनाशी ठरवत असणार, असा माझा कयास.

सध्या म्हातारीच्या निर्लेखनाचा प्रस्ताव फिरतोय. दुरुस्तीचा खर्च किमतीबाहेर गेल्याचं इंजिनिअरचं पत्र, विभागप्रमुखांचा शेरा, समितीची बैठक, मग कंपनीकडे परत. तिला भंगारवाल्याला विकता येणार नाही. कुणाकडे गेली याची नोंद त्याच कायद्याखाली नेमलेल्या समुचित प्राधिकाऱ्याकडे द्यावी लागेल. तिच्या जागी आलेलं नवं मशीन व्हरांड्यात खोक्यातच उभं आहे. पोरांनी खोक्याच्या फटीतून त्याचा टचस्क्रीन पाहून घेतलाय. पण नोंदणी प्रमाणपत्रावर त्याचं मॉडेल आणि सीरियल नंबर चढेपर्यंत त्याचा प्लगसुद्धा लावायचा नाही, आणि ती फाइल अजून वरून उतरलेली नाही. तोवर सकाळची ओपीडी म्हातारीवरच चालू आहे, आणि परवा तिच्या प्रोबमधला आणखी एक स्फटिक गेला. काळा पट्टा आता बोटभर रुंद झालाय. या बॅचची पोरं प्रोब थोडा तिरका धरून त्याच्या बाजूनं बघायला शिकली आहेत.